ऐकून घेणारा माणूस



खेडेगावात एखादा कामाचा गडी एकाएकी गप्प झाला, औताला जायची टाळाटाळ करू लागला, रात्र रात्र जागा राहू लागला, की चार माणसे चार निदाने करतात. कोणी म्हणतो, आळस अंगात शिरला. कोणी म्हणतो, बाहेरचे काही लागले असेल. कोणी म्हणतो, लग्न करून द्या म्हणजे येईल ठिकाणावर. चौथा काही बोलत नाही, नुसता हसतो. त्या गड्याला जवळ बसवून, ‘बाबा रे, तुला होतंय तरी काय?’ असे विचारणारा पाचवा माणूस क्वचितच निघतो. आणि निघाला, तरी उत्तर संपेपर्यंत गप्प बसणारा त्याहून विरळा.

आज मी या पाचव्या माणसाचा इतिहास सांगणार आहे. हल्ली आपण त्याला समुपदेशक म्हणतो. खिन्नतेने ग्रासलेल्या कामगारासाठी असा माणूस कारखान्यात पगार देऊन नेमावा, ही कल्पना गेल्या शतकात अमेरिकेत मूळ धरू लागली. ती कशी सुचली, तिने काय साधले, आणि ऐन गरजेच्या वेळी ती कशी अपुरी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात होते एका कापडगिरणीत. गाव फिलाडेल्फिया, साल 1923. या गिरणीची बाकीची खाती सुरळीत चालली होती, पण कताईच्या एका खात्यात माणूस टिकत नव्हता. सुमारे चाळीस माणसांचे काम. आणि ती चाळीस जागी ठेवण्यासाठी वर्षाला शंभरेक नवी माणसे भरती करावी लागत. मालकांनी हिशेबी तज्ज्ञ बोलावले. त्यांनी बक्षिसाच्या एकामागून एक चार योजना आखून दिल्या. अमुक इतके सूत काढा, तमुक इतका जादा पैसा घ्या! परंतु पैशाच्या आशेनेही कामगार हलले नाहीत. बक्षिसाच्या रेघेपर्यंत कोणी पोचलेच नाही.

तेव्हा तिथे एल्टन मेयो नावाचे गृहस्थ आले. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, ॲडलेड शहरी 1880 साली जन्मलेले. पहिल्या महायुद्धानंतर रणभूमीवरून मन मोडून परत आलेल्या सैनिकांवर उपचार करण्याच्या कामात त्यांनी ब्रिस्बेन येथे भाग घेतला होता. बंदुकीचा आवाज थांबला तरी ज्यांच्या डोक्यातला थांबत नाही, अशी ती माणसे. त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे ऐकण्याची मेयोंना सवय झालेली होती. तीच सवय घेऊन ते 1922 साली अमेरिकेस गेले, आणि पुढच्याच वर्षी या गिरणीत शिरले.

त्यांना काय दिसले? कामगार दहा तासांची पाळी करीत. लांबच लांब यंत्राच्या कडेने येरझाऱ्या घालायच्या आणि धागा तुटला की जोडायचा. तुटला, जोडला, तुटला, जोडला. काम असे, की त्याला पुरते लक्ष द्यावे लागत नाही, आणि ते सोडून दुसऱ्या कशात लक्ष घालता येत नाही. आपल्याकडे मोटेवर बसलेला गडी निदान बैलांशी बोले, गाणे म्हणे. इथे यंत्राच्या घरघरीत शेजाऱ्याचा शब्दही ऐकू येत नसे. हात धाग्यावर आणि मन मात्र मोकळे सुटलेले; ते फिरून फिरून वाईटाकडेच जाई. माझे वय झाले, माझे पाय गेले, घरी काय चालले असेल, मी हे कशासाठी करतो आहे? पाय दुखतात अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाची होती, आणि जवळजवळ प्रत्येकजण उदास होता. मधूनच एखादा क्षुल्लक कारणावरून भडके आणि काम टाकून निघून जाई. हे सारे कळले ते मुख्यतः एका परिचारिकेमुळे. संशोधकांपैकी या बाईंनी गिरणीत लहानसा दवाखाना मांडला. तुमचे बोलणे कोणाच्या कानावर जाणार नाही, असे कामगारांना आश्वासन होते. मलमपट्टीच्या निमित्ताने माणसे येत आणि मन मोकळे करून जात.

मेयोंनी उपाय सुचवला तो अगदी साधा. सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा, दहा-दहा मिनिटे कामगाराला आडवे पडू द्यावे. झोप लागली तर झोपू द्यावे. प्रथम हा प्रयोग खात्यातल्या एकतृतीयांश माणसांवर झाला. पण गंमत अशी की उरलेल्यांचेही मन उल्हसित झाले. आपल्याकडे कोणी तरी पाहते आहे, आपली पाळी येणार आहे, एवढ्यानेच! उदासी उतरली, सोडून जाणे थांबले, आणि सुताचा उताराही वाढला.

पुढे 1924 च्या फेब्रुवारीत मालाची मागणी वाढली. मुकादमाला पहिल्यापासून ही विश्रांती पटत नव्हती. त्याने ती बंद केली. थोड्याच दिवसांत सूत घटले, खाडे वाढले, जुनी खिन्नता परत आली. गिरणीचा प्रमुख हा जुना फौजी कर्नल. त्याच्या हाताखाली लढाईत राहिलेले काही लोक या खात्यात होते, आणि कामगारांचा त्याच्यावर विश्वास होता. त्याने हुकूम सोडला, की दिवसातून चार वेळा दहा मिनिटे यंत्रेच बंद ठेवायची आणि मुकादमापासून खालपर्यंत सर्वांनी विश्रांती घ्यायची. सगळ्यांनी मनात म्हटले, आता बुडाली गिरणी. पण यंत्रे बंद ठेवूनही सूत पूर्वीपेक्षा जास्त निघाले, आणि ज्या बक्षिसाला कधी कोणी शिवले नव्हते ते कामगारांच्या हाती पडू लागले.

मेयोंनी आधी याचा अर्थ लावला तो थकव्याचा. पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपले मत बदलले. ते म्हणाले, नुसते पाठ टेकणे हे औषध नव्हते. एकेकटी, एकमेकांना न ओळखणारी माणसे त्या विश्रांतीमुळे एकत्र आली. कोणी केव्हा विसावा घ्यायचा हे पुढे ती आपसात ठरवू लागली. वरिष्ठाने आपले ऐकले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. विद्वान माणूस आपले म्हणणे बदलतो तेव्हा मला त्याच्याविषयी अधिक आदर वाटतो.

इथे मुंबईची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फिलाडेल्फियाच्या या प्रयोगाआधी जवळजवळ चाळीस वर्षे, 1884 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला काही आधार. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत 1890 साली मिळाली. विसाव्यावाचून माणूस आतून विझतो, हे शोधायला लालबाग-परळच्या माणसाला प्रयोग करावा लागला नाही. त्याने ते सांगितले होते. ऐकायला वेळ लागला इतकेच.

आता आपण शिकागो शहराशेजारी जाऊ. तिथे सिसेरो गावी हॉथॉर्न या नावाचा अवाढव्य कारखाना होता. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा. टेलिफोनची यंत्रसामग्री तिथे बने, आणि 1929 च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे तिथे काम करीत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका भोंग्यावर उठत-बसत होती म्हणा ना!

या कारखान्यात 1924 पासून प्रयोग चालले होते. आधी दिव्यांचा प्रयोग. प्रकाश वाढवला तर काम वाढते का? वाढले. पण जिथे प्रकाश वाढवला नव्हता तिथेही ते वाढले, आणि तज्ज्ञ डोके खाजवीत बसले. मग 1927 च्या एप्रिलात टेलिफोनचे लहान भाग जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीचे, वेळेचे, पगाराचे प्रयोग सुरू झाले. या प्रयोगांची गोडगुलाबी वर्णने पुस्तकांत फार आहेत. त्यांत एक गोष्ट पुष्कळदा गाळली जाते, ती सांगितलीच पाहिजे. पाचांपैकी दोन मुली फार बोलतात, नीट सहकार्य करीत नाहीत, म्हणून 1928 च्या जानेवारीत त्यांना खोलीतून काढून दुसऱ्या दोघी आणल्या. कामगाराचे ऐकावे, हा धडा ज्या प्रयोगातून जगाला मिळाला असे सांगतात, त्याच प्रयोगात दोघींची उचलबांगडी झाली ती बोलल्याबद्दल!

असो. त्याच वर्षी कंपनीने ठरवले, की सगळ्या कामगारांना भेटून त्यांच्या मनातले विचारायचे. 1930 पर्यंत सुमारे एकवीस हजार मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांकडे प्रश्नांची ठरावीक यादी होती. मुकादम कसा आहे, जागा कशी आहे, पगार कसा वाटतो? परंतु कामगार त्या रुळावर राहीनात. प्रश्न मुकादमाचा, तर उत्तर निघे आजारी आईचे. मुलाखत घेणारा त्याला ओढून परत यादीवर आणी. आणि तो पुन्हा आईकडे जाई. शेवटी 1929 साली यादीच बाजूला ठेवली. माणसाला जे बोलायचे ते बोलू द्यायचे, असे ठरले. जी मुलाखत अर्ध्या तासात आटपे ती दीड-दीड तास चालू लागली.

यातून ऐकण्याचे काही नेम तयार झाले. शिक्षक बंधुभगिनींनी ते मुद्दाम ध्यानात घ्यावेत, कारण वर्गातही ते चालतात. पूर्ण लक्ष देऊन ऐकावे, आणि आपण ऐकत आहोत हे समोरच्याला जाणवू द्यावे. मध्ये तोडू नये. वाद घालू नये. उपदेश करू नये. तो काय सांगतो ते ऐकावे. काय सांगायचे टाळतो त्याकडे लक्ष असावे. आणि मदतीवाचून जे त्याला सांगताच येत नाही, त्याला हलकेच वाट करून द्यावी. ऐकलेले मनात जुळवीत जावे आणि मधून मधून, ‘म्हणजे तुमचे म्हणणे असे ना?’ म्हणून त्याच्यापुढे ठेवावे. आणि झालेले बोलणे तिसऱ्या कानी जाऊ देऊ नये.

वाचायला सोपे आहे. करून पाहा! समोरचा रडू लागला की आपण पहिल्याच मिनिटाला सांगतो, ‘अरे, रडतोस काय, मन घट्ट कर.’ त्यात मायाच असते. पण तेवढ्याने त्याचे तोंड मिटते.

या मुलाखतींतली उदाहरणे बोलकी आहेत. एका बाईचे आपल्या वरिष्ठाशी मुळीच पटत नसे. ही बाई आवरायला अवघड, असे तो आधीच सांगून बसला होता. बोलता बोलता तिचे तिलाच उमगले, की हा माणूस आपल्या नावडत्या सावत्र बापासारखा दिसतो, आणि राग खरा त्या बापाचा आहे. दुसरी एक मुलगी. पगारवाढ माग म्हणून आई तिच्या मागे लागलेली, आणि ती मनातून घाबरलेली. कारण वाढीव पगाराची जागा म्हणजे जिवाच्या मैत्रिणींपासून दूर दुसरी जागा. तिसरा एक पुरुष कामगार. नगामागे मिळणारा दर कमी आहे, अशी त्याची सारखी कुरकुर. पुष्कळ ऐकल्यावर कळले, की बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरचे बिल कसे फेडावे या चिंतेने त्याला घेरले आहे.

हे तिसरे उदाहरण लक्षात राहू द्या. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

1929 साली अमेरिकेत मोठी मंदी आली. हॉथॉर्नमधली हजारो माणसे कामावरून कमी झाली. आणि मुलाखतींचे काय झाले? त्या 1931 च्या सुमारास बंद पडल्या. म्हणजे ज्या दिवसांत कामगार रात्री झोपत नव्हता, उद्या आपले नाव यादीत असेल का या धास्तीने ज्याचा घास घशाखाली उतरत नव्हता, त्याच दिवसांत त्याचे ऐकणारा माणूस तिथून उठून गेला.

पुढे 1936 साली कंपनीने हे काम नव्या रूपाने सुरू केले, आणि त्याला समुपदेशन हे नाव दिले. या वेळी मुलाखत घेऊन निघून जायचे नव्हते. एकेका समुपदेशकाकडे एकेक भाग नेमून दिलेला. त्याने रोज तिथे फिरायचे, माणसांची ओळख ठेवायची, ज्याला बोलावेसे वाटेल त्याच्याशी जागेवर किंवा बाजूच्या खोलीत बोलायचे. चाळिशीच्या दशकात हा खटाटोप इतका वाढला, की पन्नासाहून अधिक समुपदेशक तिथे काम करीत होते. या कामाची बैठक रोथलिसबर्गर आणि डिक्सन या दोघांनी आपल्या 1939 च्या ग्रंथात मांडली होती. कार्ल रॉजर्स यांचे 1942 सालचे पुस्तकही हेच सांगत होते, की रोग्याला शहाणपण शिकवू नका, त्याचे म्हणणे त्याला स्वतःला ऐकू येईल अशी सोय करा. आजच्या समुपदेशनात या दोन्ही वाटा मिसळल्या आहेत.

पण या समुपदेशकाच्या हातात होते काय? तो ऐकू शके. पगार वाढवू शकत नसे. मुकादम बदलू शकत नसे. कामगाराची बदली करा अशी शिफारसही त्याने करायची नव्हती. यात एक शहाणपण होते हे मान्य केले पाहिजे. त्याच्या हाती सत्ता असती तर त्याच्याशी कोणी खरे बोलले नसते. अर्ज घेऊन रांग लागली असती. परंतु दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत 1935 च्या कायद्याने कामगारांना संघटनेचा हक्क पक्का मिळाला, आणि 1936 साली हे खाते उघडले. लोकांना शंका आली, की संघटनेकडे जाणारी तक्रार वाटेतच ऐकून जिरवून टाकायची ही युक्ती तर नव्हे? या खात्यात स्वतः काम केलेल्या जीन विलेन्स्की यांनी पती हॅरल्ड विलेन्स्की यांच्यासह 1951 साली एक निबंध लिहिला. त्याचा रोख हाच होता, की कामगाराचे मन हलके होते आणि व्यवस्थेला धक्का लागत नाही.

आता त्या तिसऱ्या कामगाराकडे या. विद्वानांनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले, पाहा, तक्रार दराची आणि दुखणे घरचे. बरोबर आहे. पण बायको इस्पितळात होती हे खरे, बिल आले होते हे खरे, आणि दर वाढला असता तर ते बिल फिटले असते हेही खरेच ना? त्या माणसाला ऐकणारा हवा होता आणि पैसाही हवा होता. एक मिळाले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. टीकाकार मला अर्धे बरोबर वाटतात. ऐकण्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणून ऐकणेच खोटे, असे मात्र नव्हे. फिलाडेल्फियाच्या गिरणीत परिचारिकेने ऐकले, आणि त्यानंतर कर्नलने यंत्रे थांबवली. हॉथॉर्नमध्ये यातला दुसरा भाग जवळजवळ गळाला.

हॉथॉर्नचे समुपदेशन 1956 साली बंद झाले. कारखानाही 1983 साली मिटला.

आपल्याकडे, त्याच 1936 साली, मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा शाळा निघाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याच्या टेबलाशी मुंबई-सोलापूरच्या किती तरी कामगारांनी कर्जाच्या, दारूच्या, गावाकडच्या भाऊबंदकीच्या कहाण्या सांगितल्या असतील. पण त्याचा पगार गिरणीचाच, म्हणजे हॉथॉर्नचा गुंता इथेही होताच.

आणि मग 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. पुष्कळांना परत कामावर जाता आलेच नाही. कोकणात, घाटावर, साताऱ्याकडे माणसे ट्रंका घेऊन परतली. तुमच्यापैकी काहींच्या घरांत असा एखादा मामा, एखादा चुलता असेल, जो ओटीवर दिवसभर रस्त्याकडे बघत बसे आणि विचारले तर ‘काही नाही’ म्हणे. गिरणीचे फाटक बंद झाले तेव्हा कल्याण अधिकाऱ्याची खोलीही फाटकाच्या आतच राहिली. 1931 साली हॉथॉर्नमध्ये झाले होते, तेच इथेही घडले.

म्हणून ऐकणारा माणूस कारखान्याच्या भिंतीबाहेरही भेटला पाहिजे. खिन्नता हा दुबळेपणा नाही. तो आजार असू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उतरलेले राहिले, झोप आणि भूक बिघडली, नेहमीच्या कामात, पोराबाळांत जीव लागेनासा झाला, तर नुसत्या ऐकण्यावर भागवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही, त्या माणसाला एकटे सोडायचे नाही, त्याच दिवशी मदत आणायची. भारत सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो, आणि मराठीत बोलता येते. फोन करणारा कोणत्या गिरणीत आहे, कामावर आहे की काढून टाकलेला, हे तिथे आड येत नाही. शाळेच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात, ग्रामपंचायतीच्या दारावर, दूध डेअरीत, हा आकडा लिहून ठेवायला हरकत नाही. मोठ्या अक्षरात लिहावा. ज्याला तो लागणार आहे, त्याला चष्मा शोधायचेही त्राण नसते.